बिबट्याच्या हिवाळ्यातलं गाणं

पेणच्या बाजारात वालाच्या ओल्या शेंगांचे ढीग लागले, की आमच्या सोसायटीत पोपटीची बोलणी सुरू होतात. मडकं कोण आणणार, भांबुर्डीचा पाला कुठे मिळेल, चिकन घालायचं की नुसती अंडी. मीही उत्साहाने हो म्हणते. मडक्यात पाला, शेंगा, मीठ, ओवा भरून ते उपडं घालतात, वर पेंढा रचून पेटवतात, आणि थोड्या वेळाने तो उग्र, ओला, किंचित औषधी वास सगळीकडे पसरतो. लोक डोळे मिटून श्वास घेतात. माझी मान मात्र आपोआप मागे वळते. मागे काय, पार्किंग असतं, झाकून ठेवलेल्या मोटरसायकली असतात. तरी मी बघते. जाळाच्या उजेडापलीकडे जो काळोख उरतो, तिथे कोणी बसलेलं नाही ना, एवढं एकदा बघून घेते.

"अजून?" नवरा हसून विचारतो.

हो, अजून. वालाचा हंगाम आला की माझ्या पाठीला डोळे फुटतात.

त्या हिवाळ्यात मी रोह्याच्या पुढे, डोंगराला टेकून असलेल्या एका गावातल्या शाळेत नव्याने रुजू झाले होते. मराठी शिकवायचे. गावातच एका घराच्या पडवीतली खोली भाड्याने घेतली होती. शाळेत निम्मी मुलं गावातली, बाकीची वरच्या वाडीतली. वरची वाडी म्हणजे डोंगराच्या खांद्यावरची थोडीशी घरं. तिथून मुलं चालत यायची, चालत जायची. वाट आधी भात कापलेल्या शेतांतून जायची, जिथे त्या दिवसांत गुडघ्याएवढा वाल हिरवागार उभा असायचा. मग झाडी लागायची, साग, ऐन, करवंदीच्या जाळ्या. आणि मध्ये एक पऱ्या. पावसाळ्यात धो-धो वाहणारा हा ओढा हिवाळ्यात कोरडा पडायचा आणि त्याच्या मोठमोठ्या दगडांमधून वाट उतरून पुन्हा वर चढायची. दोन्ही बाजूंना दरडी. ऊन तिथे दुपारीच मावळायचं.

डिसेंबर म्हणजे शाळेत स्पर्धांचे दिवस. रोह्याला तालुक्याची समूहगान स्पर्धा असायची. दर शनिवारी गाण्याचे सर रोह्याहून पेटी घेऊन यायचे. सर वाईट नव्हते. आवाज गोड, शिस्त कडक, शाळेचं नाव व्हावं एवढीच इच्छा. त्यांनी मुलांना एकेक करून सूर लावायला सांगितला आणि निवड केली. वरच्या वाडीतली, नववीतली दर्शना पहिली निवडली गेली. तिचा आवाज ऐकून मी वह्या तपासायच्या थांबले होते. तो आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता, धुतलेल्या तांब्यासारखा. तिच्याच वाडीतल्या, आठवीतल्या निखिलला मात्र सरांनी पहिल्याच ओळीला थांबवलं.

"तुझा आवाज फुटलाय रे. तू बाहेर बस. पुढच्या वर्षी बघू."

निखिल बाहेर जाऊन पायरीवर बसला. त्याच्या शेजारी आणखी बरेच जण येऊन बसले. संख्या भरायला म्हणून एक-दोघांना आत ठेवलं होतं, त्यांना सरांनी सांगितलं, "तुम्ही नुसते ओठ हलवा." मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. पेणच्या शाळेत मीही मागच्या रांगेत ओठ हलवतच मोठी झाले होते. माझ्या आवाजाचं काय झालं असतं, हे मला कधी कळलंच नाही, आणि कळायला हवं होतं असंही कोणाला वाटलं नाही.

आधी वाडीतला एक कुत्रा नाहीसा झाला. मग एक शेळी. मग सकाळी पऱ्याच्या वाळूत बिबट्याच्या पंजाचे ठसे दिसले. मुलं वर्गात हातांनी त्या ठशांचा आकार दाखवायची आणि हसायची. भीती अजून गोष्टीसारखी होती, कोणा दुसऱ्याची.

एका पहाटे दर्शनाची आई वालाच्या शेंगा काढायला शेतात गेली. दर्शनाही सोबत होती, टोपली घेऊन थोडी मागे. आई वाकून शेंगा तोडत होती. दंव होतं, धुकं होतं. दर्शनाला आधी काही दिसलंच नाही. नुसता वाल हलला आणि आई खाली गेली. दर्शना ओरडली, इतकं ओरडली की खालच्या गावात ऐकू गेलं. माणसं काठ्या घेऊन धावली. तोवर तो निघून गेला होता. आईचा खांदा आणि दंड फाटला होता. तिला जीपमधून रोह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. ती वाचली.

ही बातमी शाळेत पोचली तेव्हा मी फळ्यावर लिहीत होते. हातातला खडू मोडला, एवढं आठवतं. माझ्या मागे सगळा वर्ग होता आणि मला वळून त्या चेहऱ्यांकडे बघवेना.

वाडीची मुलं येईनाशी झाली. वनखात्याने पिंजरा लावला. एक तरुण वनरक्षक शाळेत आला आणि व्हरांड्यात सगळ्यांना बसवून त्याने समजावलं. "तो मुद्दाम माणसाच्या मागं लागत नाय. वाकलेलं मानूस त्याला जनावर वाटतं. एकटं जायचं नाय, वाकायचं नाय, पळायचं तर अजिबात नाय. सगळ्यांनी एकत्र, आवाज करत चालायचं. मानसं येतायत, हे त्याला लांबूनच कळलं पायजे. गाणी म्हना की! तुमच्या शाळंत गाणी म्हनतात ना?"

हेडसरांनी शाळा लवकर सोडायचं ठरवलं. वाडीच्या मुलांना पोचवायला कोणीतरी मोठं माणूस हवं होतं. वाडीतले बरेच पुरुष कंपनीत शिफ्टला जायचे, घरी असतील ते सकाळी मुलांना खाली आणून सोडायला कबूल झाले. संध्याकाळचं काय? मी गावातच राहत होते. मला संसार नव्हता. मी हात वर केला. तो वर करतानाच पऱ्या डोळ्यांपुढे होता. परत येताना वाडीतलं कोणीतरी मला मोटरसायकलवरून लांबच्या कच्च्या रस्त्याने खाली आणून सोडणार होतं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही निघालो. वालाची शेतं संपेपर्यंत सगळं ठीक होतं. झाडी सुरू झाली तशी मी म्हटलं, "चला, गा." स्पर्धेच्या मुलांनी स्पर्धेचं गाणं सुरू केलं. सुरेल, दोन आवाजांत बांधलेलं, सरांनी बसवलं होतं तसंच. बाकीची मुलं गप्प चालत होती. ते गाणं त्यांचं नव्हतं. गाणारेही एकमेकांकडे बघत होते. कोणी चुकलं की थांबत होते, पुन्हा पहिल्यापासून. त्या थांबण्यात रान ऐकू यायचं. पऱ्याच्या दगडांत उतरलो तेव्हा एकाचा सूर सरकला, दुसऱ्याचा श्वास अडकला, आणि गाणं मेलंच. मी म्हणाले, "गा रे, गा ना." कोणी गाईना. पालापाचोळ्यावर आमच्याच पावलांचा आवाज येत होता आणि प्रत्येक आवाज मागून येतोय असं वाटत होतं. मी मुलं मोजायचा प्रयत्न करत होते आणि दर वेळी वेगळा आकडा येत होता. शेवटचं मूल दिसेनासं झालं तर मला कळेल तरी का, या विचाराने मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

तेव्हा मागून निखिलचा आवाज आला. फाटका, घोगरा, मध्येच चिरकणारा. तो गात नव्हता, ओरडतच होता, पण त्याला एक चाल होती.

"पऱ्याच्या वाटंनं कोन गो चाललं? मंगेश चालला. मंगेश हाय?"

पुढून मंगेशने भीतभीत उत्तर दिलं, "हाय!"

"पऱ्याच्या वाटंनं कोन गो चाललं? सानिका चालली. सानिका हाय?"

"हाय!"

मुलं हसली. त्या पऱ्यात, त्या अंधारत चाललेल्या दरडींमध्ये, मुलं हसली. मग ती ओळ सगळ्यांनीच उचलली. नाव आलं की त्या मुलाने एकट्याने "हाय" म्हणायचं, बाकी सगळ्यांनी मिळून. कोणी वर लावला, कोणी खाली. पाचवीतला छोटा सोहम तर दर वेळी वेगळ्याच सुरात ओरडायचा. आणि मी? मीही गात होते. वाडीच्या पायथ्याशी पोचल्यावर मला घसा दुखल्याचं कळलं, तेव्हा ते लक्षात आलं.

गेल्या आठवड्यात इथे पेणला, माझ्या आताच्या शाळेत, स्पर्धेची सूचना आली. मोठ्या बाईंनी मला निवड करायला सांगितली. मी म्हटलं, निवड करा हवी तर, पण आठवड्यातून एक तास सगळ्या मुलांना एकत्र गाऊ द्या. नंबर नाही, परीक्षक नाही, कोणाला बाहेर बसवायचं नाही.

"मग त्याचा उपयोग काय?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, खरोखर कळावं म्हणून.

 मी काहीतरी एकजूट, आत्मविश्वास असं पुटपुटले, जे आपण अहवालात लिहितो. खरं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्या ऑफिसात, ट्यूबलाइटच्या उजेडात कसं सांगायचं? स्पर्धेत एखादा आवाज कमी झाला तर गाणं सुधारतं. पऱ्यात एखादा आवाज कमी झाला तर काळीज थांबतं. आम्ही रोज संध्याकाळी गायचो ते चांगलं वाटावं म्हणून नव्हे. प्रत्येक जण आहे, हे प्रत्येकाला ऐकू यावं म्हणून. बेसूर सोहमचा आवाज मला कुठल्याही स्वच्छ सुरापेक्षा गोड वाटायचा, कारण तो आला म्हणजे सोहम होता. आपल्या मुलांपैकी किती जण वर्षानुवर्षं नुसते ओठ हलवत मोठे होतात, आणि आपल्याला त्यांचं नसणं कधी ऐकूच येत नाही, याची मला भीती वाटते. बिबट्याइतकीच.

मोठ्या बाईंनी तास दिला. "बघू या," म्हणाल्या.

तिकडे डोंगरातल्या गावात, त्या हिवाळ्यात, दर्शना काही दिवसांनी शाळेत यायला लागली. आई घरी आली होती, हात गळ्यात बांधलेला. पण दर्शना बोलत नव्हती. विचारलं तर मान हलवायची, उत्तरं वहीत लिहायची. घरीही तसंच, असं तिचे वडील सांगत होते. "त्या सकाळी वरडली ना मॅडम, तेवढंच. त्याच्या नंतर तोंडातून शबुद नाय."

गाण्याचे सर हळहळले. तिच्याशिवाय स्पर्धा म्हणजे काही खरं नाही, असं म्हणाले. बाकीच्यांनाही रोह्याला जायचा उत्साह उरला नव्हता. सरांनी शेवटी नाव मागे घेतलं. "वर्ष फुकट गेलं," ते मला म्हणाले, आणि त्यांचं वाईट वाटणं खोटं नव्हतं.

संध्याकाळच्या वाटेवर प्रश्न असा होता, की गाण्यात दर्शनाचं नाव आलं की काय करायचं? पहिल्या दिवशी निखिलने ओघात तिचंही नाव घेतलं, "दर्शना हाय?" आणि पुढे काहीच आलं नाही. सगळे थबकले. त्या एवढ्याशा रिकाम्या जागेत सगळं रान आत शिरल्यासारखं वाटलं. दर्शना माझ्या शेजारीच चालत होती. तिने माझा हात धरला होता. तिची बोटं बर्फासारखी होती.

मी निखिलला बाजूला घेऊन म्हटलं, "तिचं नाव नको घेऊस. तिला त्रास होतो."

तो म्हणाला, "घ्यायला पायजे, मॅडम. ती हाय ना."

मग तसंच ठरलं. तिचं नाव यायचं, एका "हाय"एवढी जागा मोकळी राहायची, आणि गाणं पुढे जायचं. कोणी ती जागा भरली नाही. मी मात्र त्या क्षणाला रोज घाबरायचे. तिच्या हाताचा दाब जाणवेपर्यंत मी श्वास घेत नसे.

तो बिबट्या कधीच पकडला गेला नाही. पिंजऱ्यात बांधलेली शेळी रोज सकाळी तशीच रवंथ करत बसलेली असायची. वालाचं पीक निघालं, शेतं मोकळी झाली, आणि तो दिसेनासा झाला. कुठे गेला, परत येणार का, कोणाला माहीत नाही. म्हणूनच बहुधा ती भीती संपली नाही. तिला शेवटच मिळाला नाही. पण आम्हाला तो एकदा दिसला.

संक्रांत होऊन गेली होती. दिवस जरासे मोठे व्हायला लागले होते आणि आम्ही सगळेच थोडे सैलावलो होतो. त्या संध्याकाळी झाडीत शिरलो तरी मुलं गप्पाच मारत होती. पऱ्याच्या तोंडाशी वानरं ओरडायला लागली. खॅक, खॅक, एकसारखी, वरच्या फांद्यांवरून. पुढची मुलं थांबली. मागची त्यांच्यावर आदळली.

समोरच्या दरडीच्या माथ्यावर, जिथे ऊन जरा जास्त रेंगाळतं, एक सपाट कातळ आहे. त्याच्यावर तो बसला होता.

आधी मला तो दिसलाच नाही. उन्हाचे नि सावलीचे ठिपके दिसले. मग त्या ठिपक्यांनी डोकं उचललं. तो गुरगुरला नाही, उठला नाही. नुसता आमच्याकडे बघत होता, आणि शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. मला वनरक्षकाचं सगळं पाठ होतं. पळू नका, एकत्र या, आवाज करा. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला, नुसती हवा आली. निखिलकडे बघितलं, त्याचा चेहरा पांढराफटक. सोहम रडायला लागला, आवाज न करता, फक्त खांदे हलत होते. एका मुलीने एक पाऊल मागे टाकलं, आणि मला कळलं, आता ही पळणार, आणि एक पळाली की सगळी पळणार.

"निखिल हाय?"

माझ्या शेजारून आवाज आला. कोरडा, गंजलेला, सूर नसलेला. मला वाटलं, भास झाला. दर्शना कातळाकडे बघत होती. तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतत होती.

"निखिल हाय?" ती पुन्हा म्हणाली. जोरात.

"हाय," निखिल म्हणाला.

"मंगेश हाय?"

"हाय."

"सानिका हाय?"

चाल नव्हती. गाणं नव्हतंच ते, हजेरी होती. पण नाव आलेलं प्रत्येक मूल एक पाऊल आत सरकत होतं, आणि आम्ही एका गोळ्यासारखे जवळ आलो. मागे पाऊल टाकलेली मुलगीही. "सोहम हाय?" सोहमने हुंदका गिळला आणि आपल्या त्याच वेड्यावाकड्या सुरात ओरडला, "हाय!" आणि त्याच्या त्या सुरामुळे की काय, कोणीतरी चाल धरली. पऱ्याच्या वाटंनं कोन गो चाललं. मग सगळ्यांनी. तेव्हा माझाही आवाज सुटला.

तो उठला. आमचं गाणं अडखळलं. दर्शनाचं अडखळलं नाही. ती पुढचं नाव घेतच राहिली. त्याने पाठ फिरवली आणि कसलीही घाई न करता वरच्या अंगाच्या करवंदीच्या जाळीत शिरला. जाळी हलली, थांबली.

आम्ही चालायला लागलो.  सगळी नावं संपली, आणि दर्शना गप्प झाली. तिने स्वतःचं नाव घेतलं नव्हतं. पऱ्या चढून वर आल्यावर निखिलने मागे न बघता, होता तेवढा फुटका आवाज लावून विचारलं, "दर्शना हाय?"

कोणी पाऊल टाकेना.

"हाय," ती म्हणाली. मग जणू स्वतःला ऐकू आलं नसावं तशी, डोंगराकडे तोंड करून मोठ्याने, "हाय!"

वाडी जवळ आली तशी माझी नजर वरच्या बांधाकडे गेली. त्या बांधावर दर्शनाची आई उभी असायची. रोज, एकटीच, बांधलेला हात पोटाशी धरून, लेक दिसेपर्यंत. त्या संध्याकाळी बांधावर कोणी नव्हतं. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मी सांगू शकत नाही. तो वरच तर गेला होता, त्याच दिशेला. दर्शनानेही पाहिलं. तिने माझा हात सोडला आणि ती धावत सुटली. मी "पळू नको!" म्हणून ओरडत तिच्या मागे पळाले.

घराचं दार उघडं होतं. आत धूर होता. आई चुलीपुढे बसून, चांगल्या हाताने फुंकणी धरून जाळ फुलवत होती. दर्शना दारातच थांबली. मीही, धापा टाकत.

"तुम्ही बांधावर नव्हता," मी कसंबसं म्हणाले. "मी घाबरले हो."

तिने वर बघितलं. डोळे धुराने की कशाने लाल झाले होते.

"आमी सगळ्या बाया ऱ्हातो ना बांधावर उभ्या," ती म्हणाली. "खालनं तुमचं गानं येतं. ज्याचं त्याचं पोर 'हाय' म्हनलं, की ज्याची त्याची आई घरला जाते, चूल पेटवते. मी शेवटपर्यंत ऱ्हायची. माझीचं नाव यायचं, आन् मंग काय नाय. डोळ्यांनी बघेपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा, मॅडम."

मग तिने लेकीकडे बघितलं.

"आज आयकलं गो मी. मंग कशाला उभी ऱ्हाऊ? ये, चहा टाकलाय."